बुटीबोरीच्या कारखान्यासाठी सेंद्रिय रसायनं थेट आयात करायची तर ऑर्डरआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: बुटीबोरी एमआयडीसीत रेझिन आणि कोटिंगचा छोटा कारखाना आहे. टोल्युइन, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि ‘टीईए’ हे तीन माल आजवर मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येत होते. आता ते ड्रममध्ये थेट कोरिया आणि चीनमधून मागवायचे आहेत. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) निघालं आहे, सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) ठरला आहे. एवढ्यावर पहिली ऑर्डर टाकली तर चालेल का?

नाही चालणार. आयईसी म्हणजे फक्त दारावरची पाटी. ते पॅनच्याच क्रमांकावर निघतं, दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावं लागतं, नाही केलं तर निष्क्रिय होतं, आणि हे बऱ्याच जणांना कंटेनर निघाल्यावर कळतं. सीएचए कागद चोख भरेल, पण तुम्ही दिलेल्या माहितीवर. ड्रममध्ये नेमकं काय आहे, ते कोणत्या कायद्यात बसतं आणि तुमच्या आवारात ठेवायची परवानगी आहे का, या तीन गोष्टी त्याच्या हातात नाहीत. आणि रसायनांच्या आयातीत अडकणारा माल बहुतेक वेळा याच तिघांपैकी एकावर अडकतो. शुल्काचा हिशेब चुकला तर पैसे भरून सुटता येतं. परवाना नसेल तर कंटेनर उभा राहतो आणि भाडं चढत जातं.

म्हणून सुरुवात पदार्थाच्या ओळखीपासून. तुमच्या यादीतलं ‘टीईए’ बघा. बाजारात ट्रायइथाइलअमाइनलाही टीईए म्हणतात आणि ट्रायइथेनॉलअमाइनलाही. पहिल्याचा कॅस क्रमांक (रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक) १२१-४४-८, सीमाशुल्काच्या दरसूचीतलं शीर्षक २९२१. शून्याखाली फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ लागते ते तापमान) असलेला, धोकादायक मालाच्या वर्ग ३ मधला, झोंबणाऱ्या वासाचा द्रव. दुसऱ्याचा क्रमांक १०२-७१-६, उपशीर्षक २९२२ १५. घट्ट, जवळजवळ वास नसलेला, सहज पेट न घेणारा. पण तो रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याच्या आयातीची नोंद वेगळी ठेवावी लागते. कोरियातल्या विक्रेत्याला नुसतं टीईए लिहून पाठवलं तर कोटेशन कोणत्याही एकाचं येऊ शकतं. खरेदीच्या कागदावर पहिली ओळ कॅस क्रमांकाची असू द्या, व्यापारी नाव त्यानंतर.

तुम्हाला ट्रायइथेनॉलअमाइन हवं आहे असं धरून पुढे जातो. त्यात आणखी एक मेख आहे. ‘८५ टक्के’ नावाने दोन वेगळे माल विकले जातात. एकात ८५ टक्के ट्रायइथेनॉलअमाइन आणि उरलेलं मुख्यतः डायइथेनॉलअमाइन असतं. दुसऱ्यात शुद्ध माल ८५ आणि पाणी १५ टक्के असतं. शुद्ध माल साधारण २१ अंशांना गोठतो, थंडीत पातळ राहावा म्हणून पाणी घालतात. आता दरसूचीतल्या प्रकरण २९ ची, म्हणजे सेंद्रिय रसायनांच्या प्रकरणाची, पहिली टीप वाचा. या प्रकरणात वेगळी, रासायनिक घडण निश्चित असलेली संयुगं येतात. त्यात अशुद्धी असल्या तरी चालतं, ती पाण्यात विरघळवलेली असली तरी चालतं. म्हणजे पाणी घातलेला माल निर्धास्त २९२२ मध्ये राहतो. डायइथेनॉलअमाइनवाल्यावर मात्र अधिकारी विचारू शकतो की हे १५ टक्के निर्मितीत आपोआप राहिलेली अशुद्धी आहे की मुद्दाम ठेवलेलं मिश्रण. मिश्रण ठरलं तर गाडी ३८२४ कडे, म्हणजे रासायनिक मिश्रणांच्या शीर्षकाकडे वळते. उत्तर विक्रेत्याच्या प्रक्रियेत असतं, म्हणून त्याच्याकडून निर्मितीची एका पानाची टिपण आणि बॅचचा सीओए (तपासणीचं प्रमाणपत्र) आधीच मागून ठेवा. कस्टम्सची क्वेरी आल्यावर मागायला गेलं की तिकडे सुट्टी असते.

हीच टीप बाकी मालालाही लावून बघा. दुसऱ्या द्रावकात विरघळवलेलं संयुग प्रकरण २९ मध्ये तेव्हाच राहतं, जेव्हा तो द्रावक सुरक्षिततेसाठी किंवा वाहतुकीसाठी नेहमीचा आणि आवश्यक असतो. तुमच्या वापराला सोयीचं म्हणून बनवलेलं द्रावण बाहेर जातं. टिकण्यासाठी लागणारा स्टॅबिलायझर चालतो. टोल्युइनची शुद्धता वजनाने ९५ टक्के किंवा अधिक असेल तर ते २९०२ मध्ये, त्याखाली घसरलं तर २७०७ मध्ये. मिश्र झायलिनलाही तीच ९५ टक्क्यांची रेघ. इथेनॉल सेंद्रिय रसायन असूनही प्रकरण २९ मध्ये नाही, ते २२०७ मध्ये. याला दरवर्षी कुणी ना कुणी फसतो. पॉलिमर प्रकरण ३९ मध्ये जातात, आणि तुमच्या धंद्यात हार्डनर, रेझिन-द्रावण वगैरे मागवताना ही सीमा वारंवार आड येईल. शंका खरोखर मोठी असेल आणि माल वर्षानुवर्षं यायचा असेल तर मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करून वर्गीकरण आधीच बांधून घेता येतं. एकदोन कंटेनरसाठी मी तो खटाटोप सांगणार नाही.

इन्व्हॉइसवर माल कसा लिहावा? ‘केमिकल्स फॉर इंडस्ट्रियल यूज, ८० ड्रम’ असं लिहिलेलं इन्व्हॉइस म्हणजे क्वेरीला आमंत्रण. चांगली ओळ अशी असते: ट्रायइथेनॉलअमाइन ९९ टक्के, आययूपीएसी (शास्त्रीय) नाव, कॅस १०२-७१-६, ८० नवे एचडीपीई ड्रम, प्रत्येकी निव्वळ २३२ किलो, एकूण निव्वळ १८,५६० किलो, बॅच क्रमांक, निर्मिती तारीख, उत्पादकाचं नाव, मूळ देश. ऑक्टोबर २०२३ पासून प्रकरण २९ च्या मालाला बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रात) आययूपीएसी नाव आणि कॅस क्रमांक स्वतंत्र रकान्यांत भरावे लागतात, त्यामुळे ही माहिती विक्रेत्याकडून येणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीओए, एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक), बीएल (जहाज कंपनीची मालपावती) आणि ड्रमवरचं लेबल या सहा ठिकाणी नाव, क्रमांक, बॅच आणि वजन अक्षरशः एकच असावं. एका कागदावर उत्पादकाचं नाव आणि ड्रमवर त्याच्या भगिनी कंपनीचं, एवढंही तपासणीत माल थांबवायला पुरतं.

आता तुमच्या तीन मालांचे तीन कायदे.

टोल्युइन. हे हायड्रोकार्बन आहे, फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश, म्हणजे पेट्रोलियम कायदा १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे ते ‘पेट्रोलियम, वर्ग अ’ ठरतं. २३ अंशांखाली वर्ग अ, २३ ते ६५ च्या खाली वर्ग ब, ६५ ते ९३ च्या खाली वर्ग क. वर्ग अ चा माल विक्रीसाठी नसेल तर विनापरवाना फक्त ३० लिटरपर्यंत ठेवता येतो. तुमचा एक कंटेनर म्हणजे २०० लिटरचे ८० ड्रम, १६,००० लिटर. पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा) साठवण परवाना नसेल तर या मालाचा विषय इथेच संपतो. कस्टम्स नमुन्यावरून वर्ग तपासते आणि परवाना मागते. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे ‘जाऊन लगेच करून घेऊ’ असं पुष्कळांना वाटतं. जवळ असल्याने क्रम बदलत नाही: आधी जागेच्या आराखड्याला मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत पत्र (त्यात पोलीस, अग्निशमन अशी टेबलं येतात), मग आराखड्याप्रमाणे शेड, बांध, अंतरं, अर्थिंग, आणि शेवटी परवाना. यात महिने जातात. तुमच्याकडे आधीचा परवाना असेल तर त्यावरचा वर्ग, लिटर आणि ‘ड्रममध्ये की टाकीत’ हे तिन्ही वाचा. टाकीचा परवाना ड्रमच्या गोदामाला लागू पडत नाही.

अ‍ॅसेटोन किंवा मेथनॉल हायड्रोकार्बन नाहीत, तरी ते मोकळे समजू नका. मेथनॉलवर महाराष्ट्रात विषविषयक नियमांखाली परवाना लागतो, आणि विषारी दारूच्या प्रकरणांमुळे त्याच्या साठ्याच्या वहीकडे बारकाईने बघितलं जातं.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. यावर, तसंच अ‍ॅनिलिन आणि मेथनॉलवर, २०१९ साली केंद्राने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं मानक आयएस ६९५. असा आदेश अंमलात असेल तर परदेशी कारखान्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना आणि पॅकवर आयएसआय चिन्ह असल्याशिवाय माल सुटत नाही. इथे मोठा गैरसमज असतो की आयातदार हा परवाना काढू शकतो. नाही काढू शकत. तो परदेशी उत्पादकाच्या विशिष्ट कारखान्याला मिळतो, व्यापाऱ्याला नाही. त्याच कंपनीचे दोन कारखाने असतील आणि परवाना एकाचा असेल, तर दुसऱ्यातून भरलेले ड्रम अडकतात. विक्रेत्याकडून परवाना क्रमांक घ्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून कारखान्याचा पत्ता आणि वैधता बघा, आणि तोच पत्ता सीओएवर आहे का तेही. या आदेशांचं चित्र सतत हलतं: तारखा पुढे जातात, नवे येतात, मागेही घेतले जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड आणि इथिलीन ग्लायकॉलसह अनेक आदेश रद्द झाले. त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. ऑर्डर देण्याच्या आठवड्यात तिन्ही मालांसाठी नव्याने तपासा.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा धाकटा भाऊ, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड, मात्र कधीही ‘सोबत थोडं मागवू’ म्हणून यादीत टाकू नका. शीर्षक तेच, २९१५. पण हा अमली पदार्थ कायद्याखालच्या २०१३ च्या आदेशातला नियंत्रित पदार्थ आहे. आयातीला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरचं ना-हरकत पत्र लागतं, शिवाय नोंदणी आणि ठरावीक विवरणपत्रं. इथली चूक दंडावर निभावत नाही.

ट्रायइथेनॉलअमाइनबद्दल अस्त्रबंदी कराराचा उल्लेख वर आलाच. तुमचा वापर कोटिंगमध्ये आहे, त्यात गैर काही नाही. किती आलं, किती वापरलं, किती शिल्लक, एवढी नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवा.

यापलीकडे एक आडवा नियम आहे, जो सीएचएच्या चेकलिस्टमध्ये क्वचितच असतो. घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांचे १९८९ चे नियम. त्यांतल्या नियम १८ प्रमाणे घातक रसायन आयात करणाऱ्याने शक्यतो ३० दिवस आधी, आणि कोणत्याही परिस्थितीत आयातीच्या तारखेपर्यंत, माहिती द्यायची असते: माल घेणाऱ्याचं नाव-पत्ता, प्रवेशाचं बंदर, निर्यात करणाऱ्या देशातून भारतापर्यंतची वाहतूक कशाने, प्रमाण, आणि संपूर्ण सुरक्षा माहिती. आपल्याकडे हे पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला जातं. पोच घ्या आणि ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीत, चढवा. त्याच वेळी मंडळाच्या संमतिपत्रात, म्हणजे कन्सेंटमध्ये, कच्च्या मालाच्या यादीत ही रसायनं आणि एवढं प्रमाण आहे का हे बघा. व्यापाऱ्याकडून महिन्याला दहा ड्रम घेत होतात तेव्हा साठा कमी होता. कंटेनर आला की एका दिवसात ऐंशी ड्रम आवारात उभे राहतात. कारखाना निरीक्षणाची परवानगी, आगविमा आणि सार्वजनिक दायित्व विमा यांनाही हाच आकडा लागू होतो.

पुढेमागे यादी वाढली तर: औषधी कच्चा माल असेल तर औषध नियंत्रकांची नोंदणी आणि आयात परवाना, तोही औषध नियमांत नाव असलेल्या बंदरांतूनच, तोच पदार्थ बिगर-औषधी कामासाठी हवा असेल तरी वेगळी परवानगी. कीटकनाशक कायदा १९६८ च्या अनुसूचीत असलेला पदार्थ, उदाहरणार्थ पॅराडायक्लोरोबेंझिन, बिगर-कीटकनाशक वापरासाठी आणायचा तरी फरीदाबादच्या नोंदणी समितीचा परमिट. २९०३ मधली काही शीतक वायू आणि हॅलोजनयुक्त संयुगं ओझोन नियमांखाली.

पैशाकडे वळू. प्रकरण २९ मधल्या बऱ्याच मालाला मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के असतं, काहींना ५ किंवा २.५, आठ अंकी कोडवर, चालू अधिसूचनेसह बघायचं. समजा कस्टम्सच्या दृष्टीने मालाची किंमत २० लाख रुपये आणि दर ७.५ टक्के. मूळ शुल्क १,५०,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १५,०००. एकत्र २१,६५,००० वर १८ टक्के आयजीएसटी ३,८९,७००. भरायचे एकूण ५,५४,७००, म्हणजे किमतीच्या २७.७३५ टक्के. यातली आयजीएसटी क्रेडिटने परत मिळते, खरा खर्च १,६५,०००. पण रोख मात्र पूर्ण लागते, आणि पहिल्या आयातीत कॅशफ्लो नेमका इथेच अडतो. बिल ऑफ एंट्रीत जीएसटीआयएन एका अंकाने चुकला तर क्रेडिट जीएसटीआर-२बी या विवरणात दिसणार नाही आणि दुरुस्तीसाठी कस्टम्सकडेच फिरावं लागेल.

मालावर अँटी-डंपिंग ड्युटी (परदेशातून फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचं जादा शुल्क) आहे का, हे कोडवरून कळत नाही. त्या अधिसूचनेत पदार्थाचं वर्णन, देश, उत्पादक आणि निर्यातदार असा तक्ता असतो, आणि दर नावागणिक बदलतो. ज्या उत्पादकाचं नाव तक्त्यात नाही त्याला ‘इतर कोणीही’चा सर्वात चढा दर लागतो. स्वस्त कोटेशन देणारा व्यापारी बहुधा याच शेवटच्या ओळीत बसतो. ही ड्युटी साधारण डॉलर प्रति टन अशी असते आणि तिच्यावर आयजीएसटीही चढते. भाव तोलताना हिशेब इथपर्यंत न्या.

किंमत ठरते ती भाडं आणि विमा धरून. एफओबीवर (जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीवर) घेत असाल आणि प्रत्यक्ष भाड्याचा कागद नसेल तर एफओबीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा गृहीत धरतात. १८ लाखांच्या मालावर भाडं ३ लाख ६० हजार धरलं जाईल. प्रत्यक्षात तुम्ही साठ-सत्तर हजार दिले असतील. फ्रेट सर्टिफिकेट आणि विमा पॉलिसी वेळेवर द्या. उलट एक सवलत आपल्या भागातल्या लोकांच्या लक्षात येत नाही: समुद्राने आलेला माल न्हावाशेवाहून नागपूरच्या कंटेनर डेपोत (आयसीडीत) ट्रान्सशिप होत असेल, तर त्या देशांतर्गत टप्प्याचं भाडं आणि हाताळणी किमतीतून वगळली जाते. बीएल नागपूरपर्यंतचं असेल तर शिपिंग लाइनकडून भाड्याची फोड लेखी घ्या, नाहीतर सगळं एकत्र धरलं जाईल.

भारत-कोरिया व्यापार कराराची शुल्क सवलत घ्यायची असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हा नुसता जोडायचा कागद आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या कॅरोटार नियमांप्रमाणे माल मूळचा तिथलाच कसा ठरतो याची माहिती आयातदाराकडे आयातीआधीच हवी आणि पाच वर्षं जपायला हवी. सर्वसाधारण नियमात ३५ टक्के मूल्यवर्धन आणि सहा अंकी कोडमधला बदल असे दोन्ही निकष येतात. काही मालांना स्वतंत्र नियम आहेत. कोरियन व्यापारी दुसऱ्या देशातून आणलेला माल ड्रममध्ये भरून विकत असेल तर तो निकषात बसत नाही, मग सर्टिफिकेट कितीही सुबक असो. बिल सिंगापूरच्या कंपनीचं आणि माल कोरियाचा असेल तर तिसऱ्या देशाच्या इन्व्हॉइसची नोंद सर्टिफिकेटवर पाहिजे.

आता प्रश्न: माल न्हावाशेवाला सोडवायचा की नागपूरला? माझं मत मालागणिक वेगळं आहे. ट्रायइथेनॉलअमाइनसारखा माल नागपूरच्या आयसीडीत आणा. तपासणीला तुम्ही स्वतः उभे राहू शकता, सीएचए समोर असतो आणि शेवटचा टप्पा जवळचा. टोल्युइन आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा कंटेनर मात्र रेल्वेने इथपर्यंत येऊ शकतो का, त्या वर्गाचा माल डेपो ठेवून घेतो का, किती दिवस आणि काय दराने, हे लाइनला आणि डेपोला बुकिंगआधी लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर न्हावाशेवालाच सोडवून रस्त्याने आणा. नागपूर ठरलं तर बीएलवर शेवटचं ठिकाण म्हणून नागपूरचा नेमका डेपो यायला हवा. तिथे नुसतं न्हावाशेवा छापलं गेलं तर मॅनिफेस्टची (जहाजाच्या मालयादीची) दुरुस्ती, त्याचे पैसे आणि वर आठवडाभराची बोंब.

बिल ऑफ एंट्री माल पोचायच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं. ते आदल्या दिवसापर्यंत भरून ठेवा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये. असेसमेंट फेसलेस असल्याने तुमचा कागद देशात कुठल्याही ठिकाणचा अधिकारी बघतो. त्याला भेटून समजावता येत नाही, म्हणून क्वेरीचं उत्तर मोजकं, मुद्द्याला धरून आणि पुराव्यासह द्या. ‘माल नेहमीचाच आहे’ हे उत्तर नव्हे. कॅस क्रमांक, टीप १ चा कोणता भाग, सीओएतली कोणती ओळ, एवढं लिहिलं की पुरतं.

पहिल्या एकदोन कंटेनरचा नमुना जाण्याची तयारी ठेवा. अधिकारी काही ड्रम निवडतो, समोर नमुना काढून सील होतो आणि टेस्ट मेमोसह सीआरसीएलच्या, म्हणजे कस्टम्सच्या, प्रयोगशाळेत जातो. थंडीत इथे एक वेगळीच अडचण येते. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १६.६ अंशांना गोठतं आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री त्याखाली सहज जातात. अर्धवट गोठलेल्या ड्रममधून वरचा द्रव काढला तर पाण्याचं प्रमाण जास्त दिसतं आणि शुद्धता कमी येते, कारण शुद्ध आम्ल आधी घट्ट होऊन बाजूला बसलेलं असतं. ड्रम पूर्ण वितळून, हलवून मगच नमुना घ्यावा अशी लेखी विनंती करा. वितळवायचं कोमट पाण्याने किंवा उबदार खोलीत; ज्योत, हीटर गन काही नाही, ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. शुद्ध ट्रायइथेनॉलअमाइनचं गोठणं वर आलंच आहे, त्यालाही हेच लागू.

अहवाल येईपर्यंत माल अडवून धरायची गरज नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागा, बाँड द्या, जिथे लागेल तिथे बँक गॅरंटी द्या आणि माल हलवा. हा अर्ज नमुना काढल्याच्या दिवशीच करा. लोक पंधरा दिवस वाट बघतात आणि मग अर्ज करतात, तोवर डेपोचं भाडं आणि लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) मिळून गॅरंटीच्या कमिशनच्या कितीतरी पट झालेलं असतं. धोकादायक मालाच्या कंटेनरला भाडं जास्तीचं असतं. शिपिंग लाइनकडून चौदा फ्री दिवस बुकिंगच्या वेळीच लेखी मागून बघा. नंतर कुणी देत नाही. आणि ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कायद्याने तो लिलावाच्या वाटेवर जाऊ शकतो.

लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का बघायला विक्रेत्याला फोटो पाठवायला सांगा. त्याच फोटोत ड्रमवरचा यूएन क्रमांकही (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसू द्या: टोल्युइनला यूएन १२९४, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडला यूएन २७८९. हे दोन माल एकाच कंटेनरमध्ये भरून भाडं वाचवायचा विचार असेल तर आयएमडीजी कोडचे (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या नियमावलीचे) विलगतेचे नियम लाइनकडून तपासून घ्या, स्वतः गृहीत धरू नका.

रस्त्याने आणताना टँकर असो वा ड्रमचा ट्रक, मोटार वाहन नियमांतल्या १२९ पासूनच्या तरतुदी लागतात: गाडीवर आपत्कालीन माहितीचा फलक, चालकाकडे त्याला वाचता येणाऱ्या भाषेत ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं), त्याच्या लायसन्सवर धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाची नोंद. समृद्धीवर तपासणीत गाडी थांबली तर आधी हेच बघतात. मे महिन्यात टोल्युइनचे ड्रम दुपारी उतरवू नका. ४५ अंशांत फुगलेल्या ड्रमचं बूच एकदम उघडलं की वाफ तोंडावर येते. सकाळी लवकर, सावलीत, अर्थिंग क्लिप लावून, बूच हळूहळू सैल करत उतरवा. उतरवतानाच दबलेले, ओले, सील तुटलेले ड्रम बाजूला काढून गाडीवर असतानाच फोटो घ्या. विम्याचा दावा करायचा तर ट्रान्सपोर्टरच्या पावतीवर शेरा लागतो, आणि गाडी गेल्यावर तो कुणी मारून देत नाही.

शेवटी बँक. पैसे आगाऊ दिले असोत की उधारीवर, प्रत्येक रेमिटन्ससमोर बिल ऑफ एंट्री आयडीपीएमएसमध्ये (रिझर्व्ह बँकेच्या आयात देयकांच्या प्रणालीत) जुळवून बंद करावं लागतं. इन्व्हॉइस एका नावाने आणि पैसे तिसऱ्याच खात्यात, हा प्रकार बँक अडवते. ईमेल हॅक करून खातं बदलायला लावणाऱ्यांचा सुळसुळाट असल्याने ते योग्यच आहे. खात्याचा तपशील बदलल्याचं पत्र आलं तर विक्रेत्याच्या जुन्या फोन नंबरवर बोलूनच पैसे पाठवा.

तुमच्या जागी पहिला कंटेनर मी ट्रायइथेनॉलअमाइनचा मागवेन. टोल्युइन पेसोचा परवाना हातात येईपर्यंत मुंबईच्याच व्यापाऱ्याकडून येऊ द्या, तेही आज परवानगीत बसतं तेवढ्याच साठ्यात. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा निर्णय उत्पादकाचा बीआयएस परवाना आणि अँटी-डंपिंगचा तक्ता समोर ठेवून घ्या; बऱ्याचदा हिशेब पूर्ण मांडला की देशी माल बुटीबोरीत पोच स्वस्त पडतो.